विश्लेषण : पश्चिम आफ्रिकेतील दुर्गम गावांत ‘नऊ महिन्यांची शाळा’ कशी चालते? तिचे यश पुढे कुठे अडते?

युनेस्कोने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार जगभरात सुमारे २५ कोटी मुले आणि किशोरवयीन शाळेबाहेर आहेत. त्यातील जवळपास ४० टक्के सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहेत. पश्चिम आफ्रिकेतील घाना, माली, बुर्किना फासो या देशांनी गेल्या तीन दशकांत यावर एक वेगळा मार्ग शोधला. इमारत आणि शिक्षक शहरातून येण्याची वाट न पाहता गाव, स्थानिक संस्था आणि सरकार यांच्या भागीदारीत वर्ग सुरू करायचे, असा तो मार्ग. घानात या वर्गांतून लाखो मुले वाचायला शिकली. मात्र हीच मुले पुढे सरकारी शाळेत गेल्यावर काय होते, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. या प्रयोगाचा आणि त्याच्या मर्यादांचा हा आढावा.

मुले शाळेबाहेर का राहतात?

घानाच्या १९९२ च्या राज्यघटनेने मूलभूत शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. १९९५ पासून त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २००५ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्यामागे शाळेला अनुदान देऊन उरलेसुरले शुल्कही बंद करण्यात आले. त्याच वर्षी शालेय पोषण आहार योजनाही आली. म्हणजे कागदावर शाळेचे दार सगळ्यांसाठी उघडे होते.

देशाच्या उत्तर भागात मात्र चित्र निराळे राहिले. दक्षिणेकडे कोको, सोने आणि बंदरे. उत्तरेकडे एकाच पावसाळ्यावर अवलंबून असलेली कोरडवाहू शेती. वस्त्या विखुरलेल्या, पावसात रस्ते बंद. सहा-सात वर्षांच्या मुलाने काही किलोमीटर चालत जायचे म्हणजे घरचे त्याला आठ-नऊ वर्षांचा होईपर्यंत पाठवतच नाहीत. तोवर तो गुरे राखायला लागलेला असतो. मुलगी असेल तर पाणी, सरपण आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी तिच्याकडे आलेली असते. त्यानंतर पहिलीच्या वर्गात आपल्यापेक्षा निम्म्या वयाच्या मुलांत बसायला कुणालाच नको वाटते.

शाळेत गेले तरी दुसरी अडचण उभी राहते. प्रशिक्षित शिक्षक दुर्गम भागात यायला नाखूश असतात. आले तरी अनेकदा त्यांना तिथली भाषा येत नाही. घरी दगबानी बोलणारे मूल वर्गात इंग्रजी ऐकते आणि फळ्यावरचे उतरवून घेते. त्याला वाचता येत नाही. पालकांना हे दिसते. शेतातला एक हात कमी करून मुलाला पाठवायचे आणि तीन वर्षांनी त्याला चिठ्ठीही वाचता येत नाही, तर पाठवायचे कशाला, असा त्यांचा साधा हिशेब असतो.

‘स्कूल फॉर लाइफ’ म्हणजे काय?

याच हिशेबाला उत्तर म्हणून १९९५ मध्ये उत्तर घानात ‘स्कूल फॉर लाइफ’ हा कार्यक्रम सुरू झाला. मागे दोन संघटना होत्या. एक उत्तर घानातली स्थानिक विकास संघटना आणि दुसरी डेन्मार्कमधील घाना-मैत्री गटांची. निधी मुख्यतः डेन्मार्क सरकारच्या मदत संस्थेचा. येंडी आणि गुशेगु-कारागा या परिसरातून सुरुवात झाली.

कार्यक्रमाची रचना अगदी सोपी आहे. ८ ते १४ वयोगटातील, कधीच शाळेत न गेलेली किंवा शाळा सुटलेली मुले. एका वर्गात साधारण २५ जण, त्यात निम्म्या मुली असाव्यात असा प्रयत्न. वर्ग नऊ महिन्यांचा. तो पाऊस ओसरल्यावर, शेतीची घाई संपू लागते तेव्हा सुरू होतो आणि पुढच्या हंगामाच्या तोंडावर संपतो. रोज दुपारी सुमारे तीन तास शिकवणे. सकाळ घरकामाला आणि गुरांना मोकळी. आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी, हे गाव ठरवते. बाजाराच्या दिवशी वर्ग भरवून उपयोग नाही, हे शहरातल्या वेळापत्रकाला कळत नसले तरी गावाला कळते.

शिकवण्याची भाषा मुलांची मातृभाषा. सुरुवात रोजच्या जगण्यातल्या शब्दांपासून, मग त्या शब्दांतील अक्षरे आणि ती जुळवून नवे शब्द. धड्यांचे विषयही शेती, आरोग्य, पाणी असे. वर्ष संपले की मुलाची पातळी पाहून त्याला सरकारी शाळेच्या थेट तिसरी, चौथी किंवा त्यापुढच्या वर्गात बसवायचे. तीन वर्षांची पायाभरणी नऊ महिन्यांत, असा हा बेत आहे.

भागीदारीत गावाच्या वाट्याला काय येते?

‘लोकसहभाग’ हा शब्द आपल्याकडे सरकारी योजनांत इतका वापरला जातो की तो ऐकून काहीच बोध होत नाही. इथे मात्र कामाची वाटणी ठरलेली आहे.

गाव जागा देते. ती झाडाखालची असेल, शेड असेल किंवा कुणाचे अंगण. गाव एक छोटी समिती निवडते आणि तीत महिला असतात. समिती मुलांची हजेरी पाहते, मूल आले नाही तर घरी जाऊन विचारते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिकवणारा माणूस गावाने सुचवायचा असतो. त्याला ‘सुलभक’ म्हणू. तो किंवा ती त्याच गावची किंवा शेजारची, काही इयत्ता शिकलेली आणि तिथली भाषा बोलणारी असावी, एवढी अट. संस्था त्याला काही आठवड्यांचे प्रशिक्षण देते, पुस्तके पुरवते आणि पर्यवेक्षक नियमित भेट देतात. सुलभकाला पगार नाही. अल्पसे मानधन मिळते, ज्याला तिथे ‘साबणाचे पैसे’ म्हणतात.

यातून दोन गोष्टी साधल्या. शिक्षक गैरहजर राहण्याचा प्रश्न बराचसा संपला, कारण तो राहतोच त्या गावात. वर्ग भरला नाही तर संध्याकाळी त्याला जाब विचारणारे शेजारी असतात. दुसरे म्हणजे पालकांना परिणाम दिसू लागला. काही महिन्यांत मूल स्वतःच्या भाषेतले वाक्य मोठ्याने वाचू लागते, ते निरक्षर आजीलाही समजते. इंग्रजीतले वाक्य वाचले असते तर ते बरोबर की चूक, हे तिला कळले नसते.

निकाल काय सांगतात?

पहिल्या बारा वर्षांत, म्हणजे २००७ पर्यंत, या वर्गांतून सुमारे ८५ हजार मुले गेली. स्वतंत्र मूल्यमापनानुसार त्यातील सुमारे ६५ टक्के मुले पुढे औपचारिक शाळेत दाखल झाली. इतर देशांतील अशाच पर्यायी शाळांशी तुलना करणाऱ्या अमेरिकी अभ्यासातही हा कार्यक्रम उजवा ठरला. दर मुलामागे होणारा वार्षिक खर्च सरकारी शाळेपेक्षा थोडा अधिक होता. पण ‘प्रत्यक्षात वाचायला शिकलेल्या’ प्रत्येक मुलामागचा खर्च काढला, तर तो सरकारी शाळेच्या तुलनेत कितीतरी कमी भरला. कारण सरकारी शाळेत पैसे खर्च होत होते, पण वाचू शकणारी मुले फारच थोडी होती.

सरकारने हा मार्ग स्वीकारला का?

होय, पण परदेशी पैशांवर. २०१२ मध्ये ब्रिटनच्या आणि पुढे अमेरिकेच्या मदतीने घानाच्या शिक्षण मंत्रालयासोबत ‘पूरक मूलभूत शिक्षण’ कार्यक्रम सुरू झाला. त्याचा साचा ‘स्कूल फॉर लाइफ’चाच होता. प्रत्यक्ष काम अनेक स्थानिक संस्थांकडे वाटून देण्यात आले, अभ्याससाहित्य ११ घानायी भाषांत तयार झाले आणि २०१८ पर्यंत जवळपास अडीच लाख शाळाबाह्य मुलांपर्यंत तो पोहोचला. उत्तर घानातला प्रयोग धोरण झाला, असे याचे वर्णन करता येईल.

याच टप्प्यावर केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी घानातील सहकाऱ्यांसह एक उपयुक्त काम केले. वर्गाच्या शेवटी चाचणी घेऊन न थांबता त्यांनी मुलांचा पुढे सरकारी शाळेतही माग काढला.

मग सरकारी शाळेत गेल्यावर काय होते?

नऊ महिन्यांत मुलांची प्रगती झपाट्याने झालेली दिसली. पण त्यानंतर मोठी सुट्टी आणि मग नवी शाळा. या संक्रमणाच्या काळात अनेक मुले शिकलेल्यातले बरेच विसरली. ज्यांच्या घरी अभ्यासात मदत करणारे कुणी नव्हते किंवा वाचायला काही नव्हते, त्यांचे नुकसान अधिक झाले. (पुढे करोनाकाळात शाळा बंद राहिल्याने किती नुकसान झाले असेल, याचा अंदाज बांधण्यासाठी हेच निष्कर्ष वापरले गेले.)

नव्या शाळेत आणखी तीन धक्के बसतात. पहिला भाषेचा. घानाच्या धोरणानुसार तिसरीपर्यंत स्थानिक भाषा माध्यम म्हणून वापरायची आणि चौथीपासून इंग्रजी. पूरक वर्गातून आलेले मूल वयामुळे अनेकदा थेट चौथीत बसते. म्हणजे ज्या दिवशी ते शाळेत पाऊल टाकते, त्याच दिवशी त्याची भाषा वर्गातून जाते. काही ठिकाणी तर शाळेची ‘स्थानिक’ भाषाही मुलाच्या भाषेहून वेगळी असते. दुसरा धक्का पटसंख्येचा. २५ जणांच्या वर्गातून ते कितीतरी अधिक गर्दीच्या वर्गात जाते. तिसरा खर्चाचा. शुल्क नसले तरी गणवेश, वह्या आणि दुपारऐवजी सकाळची शाळा हे सगळे घराला परवडावे लागते.

अभियांत्रिकीत शिकवतात की दोन यंत्रे स्वतंत्रपणे उत्तम चालत असली, तरी बिघाड बहुतेकदा त्यांच्या जोडावर होतो. इथेही तसेच आहे. पूरक वर्ग चालतो. सरकारी शाळाही तिच्या पद्धतीने चालते. दोन्हींच्या मधला जोड कोणाची जबाबदारी, हे मात्र कुठल्याच करारात नीट लिहिलेले नसते. संस्थेचे काम मूल दाखल झाले की संपते आणि शाळेसाठी ते पटावरचे आणखी एक नाव असते.

या सगळ्यात मुंबईचा संबंध काय?

जोड दुरुस्त करायचा तर सरकारी शाळेच्या आत काहीतरी बदलायला हवे. तसा प्रयत्न घानात झाला आणि त्याचे मूळ मुंबईत आहे. १९९५ च्या सुमारास मुंबईतील वस्त्यांमध्ये माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांच्या पुढाकाराने ‘प्रथम’ ही संस्था उभी राहिली. तिच्या ‘बालसखी’ उपक्रमात वस्तीतलीच शिकलेली तरुणी महापालिका शाळेतील तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदरा येथे या उपक्रमाचे मोजमाप केले, तेव्हा मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली. पुढे यातूनच मुलांना इयत्तेनुसार नव्हे, तर त्यांना काय येते त्यानुसार गटांत बसवून शिकवण्याची पद्धत आकाराला आली.

घानाने २०१० नंतर हीच कल्पना ५०० शाळांच्या अभ्यासात आजमावली. राष्ट्रीय युवा रोजगार कार्यक्रमातून गावातल्या बेरोजगार तरुणांना सहायक म्हणून नेमले गेले. काही शाळांत त्यांनी शाळेच्या वेळेत, काही ठिकाणी शाळा सुटल्यावर मागे पडलेल्या मुलांना शिकवले. काही शाळांत बाहेरचा सहायक न देता शिक्षकांनाच गट पाडून शिकवण्याचे प्रशिक्षण दिले. सर्व पद्धतींत मुलांची प्रगती झाली. ती मोठी नव्हती, पण ठोस होती. त्याचबरोबर एक जुनीच अडचण समोर आली. सहायकांचे मानधन अनेकदा वेळेवर मिळाले नाही आणि त्यांची हजेरी घसरली. पद्धत मुंबईहून नेता आली, पण दर महिन्याचा पैसा वेळेवर पोहोचवणारी यंत्रणा जागेवरच उभी करावी लागते, हा त्याचा धडा.

आज ‘प्रथम’ आणि ‘जे-पाल’ यांच्या पुढाकारातून उभा राहिलेला आफ्रिकेतील उपक्रम नायजेरिया, आयव्हरी कोस्ट आणि इतर देशांच्या सरकारांसोबत काम करतो.

शेजारच्या देशांचा अनुभव काय?

मालीत ही वाट घानाच्याही आधी चोखाळली गेली. दक्षिणेकडील कोलोंदिएबा भागात १९९२ मध्ये ‘सेव्ह द चिल्ड्रन’च्या मदतीने चार गावशाळा सुरू झाल्या. पुढील काही वर्षांत त्यांची संख्या शेकड्यांवर गेली. तिथे शिकवणारे गावातलेच, भाषा बाम्बारा आणि शिक्षकाचे मानधन पालकांनी गोळा करायचे. यावर झालेली टीका विचार करण्यासारखी आहे. राजधानीतल्या मुलाचा शिक्षक सरकारी पगारावर आणि सर्वांत गरीब गावाने मात्र स्वतःच्या खिशातून शिक्षक पोसायचा, हा कुठला न्याय? दुष्काळ पडला की वर्गणी थांबायची आणि शाळाही. पुढे आंतरराष्ट्रीय कर्जमाफीतून वाचलेल्या पैशातून सरकारने या शिक्षकांच्या मानधनाला हातभार लावला आणि यातल्या अनेक शाळा नंतर सरकारी झाल्या.

बुर्किना फासोत २००५ पासून १३२ गावांत मुलींना सोयीच्या शाळा बांधल्या गेल्या. निधी अमेरिकेचा, कामात मात्र आंतरराष्ट्रीय संस्थांबरोबर ‘तिन तुआ’ ही पूर्वेकडील स्थानिक संस्थाही होती. तिच्या नावाचा गुल्मान्चेमा भाषेतील अर्थ ‘आपला विकास आपणच करू’ असा होतो. वर्गखोल्यांसोबत हातपंप, मुला-मुलींसाठी स्वतंत्र शौचालये, शिक्षकांची घरे आणि हजेरी चांगली असलेल्या मुलींना घरी न्यायला धान्य असा हा आराखडा होता. त्यात ‘बिसोंगो’ नावाचे पाळणाघरही होते. मोठ्या बहिणीला शाळेत यायचे तर धाकट्याला सांभाळणार कोण, हा प्रश्न ज्याने घर पाहिले आहे, त्यालाच सुचतो. संशोधकांनी अर्ज केलेल्या २९३ गावांपैकी थोडक्यात निवडल्या गेलेल्या आणि थोडक्यात हुकलेल्या गावांची तुलना केली. शाळा मिळालेल्या गावांत पटनोंदणी सुमारे १९ टक्के बिंदूंनी अधिक होती आणि मुलींचा फायदा मुलांपेक्षा जास्त होता.

याच बुर्किना फासोचा पूर्व भाग आज सशस्त्र गटांच्या हिंसाचाराने पोळला आहे. ‘युनिसेफ’च्या माहितीनुसार २०२४ च्या मध्यापर्यंत पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत संघर्षामुळे १४ हजारांहून अधिक शाळा बंद होत्या आणि सुमारे २८ लाख मुलांना त्याची झळ बसली.

आता पैसा कोण देणार?

ही सध्याची सर्वांत मोठी चिंता आहे. घानातील पूरक शिक्षणाचा विस्तार ब्रिटन आणि अमेरिकेच्या पैशांवर झाला. ब्रिटनने २०२० मध्ये आपले आंतरराष्ट्रीय विकास खाते परराष्ट्र खात्यात विलीन केले आणि पुढे मदतीचा वाटा घटवला. अमेरिकेची ‘यूएसएड’ ही संस्था २०२५ मध्ये बंदच झाली. अशा वेळी कात्री आधी राजधानीतल्या कार्यालयाला लागत नाही. ती लागते शेवटच्या गावातल्या सुलभकाच्या मानधनाला आणि त्याला भेट देणाऱ्या पर्यवेक्षकाच्या दुचाकीच्या पेट्रोलला.

घानाने एक नवा मार्ग धरला आहे. जागतिक बँक आणि ब्रिटनच्या सुमारे तीन कोटी डॉलरच्या निधीतून एक ‘निकालावर आधारित’ कार्यक्रम सुरू झाला आहे. सुमारे ७० हजार शाळाबाह्य मुलांना शाळेत आणणे आणि सुमारे ६०० सरकारी शाळांचा दर्जा सुधारणे हे त्याचे उद्दिष्ट. संस्थेला वर्ग भरवल्याचे नव्हे, तर मुले शाळेत दाखल झाल्याचे आणि शिकल्याचे त्रयस्थांकडून तपासल्यावर पैसे मिळतात. पूरक वर्ग आणि सरकारी शाळा या दोन्हींचा एकाच करारात विचार होतो आहे, हे त्याचे बलस्थान. त्याची जोखीम अशी की निकाल येईपर्यंत खर्च सोसण्याची ताकद मोठ्या संस्थांकडे असते. गावाला ओळखणाऱ्या छोट्या स्थानिक संस्थेकडे ती नसते.

यातून निष्पन्न काय?

तीस वर्षांच्या अनुभवातून एक गोष्ट पुरेशी स्पष्ट झाली आहे. मुलाची भाषा, शेतीचे वेळापत्रक, विश्वासाचा शिक्षक आणि धाकट्या भावंडाची सोय, या बाबी राजधानीतून ठरवता येत नाहीत. त्या स्थानिक भागीदारच ठरवू शकतो आणि कमी खर्चात ठरवतो. पण चौथीच्या वर्गातली भाषा बदलणे, दुर्गम शाळेला शिक्षक देणे आणि वर्षानुवर्षे मानधन वेळेवर देणे हे गावाच्या हातात नाही. ते काम सरकारचेच आहे. भागीदारी म्हणजे सरकारने अंग काढून घेणे, असा अर्थ जिथे घेतला गेला, तिथे गरीब गावांनी आधी वर्गणी भरली आणि नंतर शाळा गमावली.

पूरक वर्गातून दरवर्षी बाहेर पडणारी मुले नव्या शाळेच्या चौथीत जाऊन बसतात. त्या वर्गातल्या शिक्षकाला त्यांची भाषा बोलायची मुभा, थोडे प्रशिक्षण आणि त्या भाषेतली चार पुस्तके मिळतात की नाही, यावर त्यांच्या नऊ महिन्यांच्या कष्टांचे काय होणार, हे ठरते.